मल्टी झालं का?

अंकुशनगरात दोन इंजिनांचं विमान कुणी हात लावण्याइतक्या जवळून पाहिलेलं नाही. तरीही मध्यंतरी मला टपरीवर, पिठाच्या गिरणीत, कारखान्याच्या गेटवर एकच प्रश्न विचारला जायचा, "भाच्याचं मल्टी झालं का?" विचारणाऱ्याला मल्टी म्हणजे नेमकं काय ते ठाऊक असतंच असं नाही. पण 'लग्न जमलं का' आणि 'बोअरला पाणी लागलं का' या जातीचा तो प्रश्न आहे. विचारला की आपुलकी पोचते. मी "चालू आहे" म्हणायचो. तेवढं उत्तर लग्नालाही पुरतं, बोअरलाही आणि विमानालाही.

आमचं गाव म्हणजे अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती जमलेली वस्ती. अंकुशराव टोपे यांच्या नावाने ती ओळखली जाते. इथे माणूस आकाशाकडे बघतो तो पावसासाठी, नाहीतर हंगामात चिमणी पेटली का ते पाहायला. विमान दिसतं ते फार वर, मागे पांढरी रेघ सोडून निघालेलं, इथे उतरायचा त्याचा काही विचार नाही हे खालूनही कळतं. जवळचा विमानतळ चिकलठाण्याचा. तिथे आम्ही गेलो ते बहुतेक वेळा कुणाला तरी सोडायला, आणि काचेच्या दारापाशी हात हलवून परत आलो. अशा ठिकाणचा मुलगा पायलट व्हायचं म्हणाला तेव्हा दाजींनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, साधा प्रश्न केला, "किती लागतील?"

"दोनशे तास," भाचा म्हणाला.

दाजींना पैसे विचारायचे होते. ते कळल्यावर भाच्याने पैशांचाही आकडा सांगितला. तो अर्ध्या कोटीच्या पुढचा होता. त्यानंतर बराच वेळ दाजी दोनशे तासांविषयीच बोलत राहिले.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हवा तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, निदान २०० तासांचं उड्डाण दाखवावं लागतं. दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि वर काही तास. आमच्याकडे हरिनाम सप्ताह त्यापेक्षा थोडा लहान असतो. पण हे आठ दिवस गोळा करायला मुलांना दीड-दोन वर्षं लागतात, कारण कधी पाऊस, कधी धुकं, कधी विमान दुरुस्तीला, कधी इंस्ट्रक्टर रजेवर, आणि सगळं जमून आलं तर रांगेत आपल्यापुढे आणखी मुलं. बरं, नुसते दोनशे चालत नाहीत. त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले पाहिजेत. त्यांना पीआयसी म्हणतात. २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे, आणि त्यात एक फेरी तर ३०० सागरी मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या वरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पुरतं थांबून. १० तास बाहेर न बघता फक्त काट्यांवर विश्वास ठेवून. ५ तास रात्रीचे, त्यात दहा वेळा उडणं आणि दहा वेळा उतरणं. ही सगळी वर्गवारी ज्या वहीत होते ती लॉगबुक.

दाजींची सगळी नोकरी उसाच्या वजनकाट्यावर गेली. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती, हेच त्यांचं आयुष्य. त्यांच्या हातात लॉगबुक आलं तेव्हा विमानाच्या फोटोंपेक्षा त्यांना ती वही जास्त आवडली. आडवी, जाड पुठ्ठ्याची, रकानेच रकाने : तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणीची अक्षरं, कुठून, कुठे, दिवसा, रात्री, एक इंजिन, अनेक इंजिनं, ड्युअल, पीआयसी. प्रत्येक पानाखाली बेरीज, आणि पुढच्या पानावर मागची बेरीज आणलेली. दाजींनी चष्मा लावून दोन पानं तपासली आणि म्हणाले, "बेरजा बरोबर आहेत. पण हा ड्युअल काय प्रकार आहे?"

ड्युअल म्हणजे शेजारी इंस्ट्रक्टर बसलेला. दांडी मुलाच्या हातात असली तरी विमान इंस्ट्रक्टरचं. एके दिवशी तो इंस्ट्रक्टर धावपट्टीच्या कडेला उतरतो, दार लावून घेतो आणि हाताने 'जा' म्हणतो. मुलगा एकटाच उडतो, गोल चक्कर मारतो, उतरतो. दहा-बारा मिनिटांचं काम. विमान तेच, आकाश तेच, रकाना मात्र बदलतो. पहिल्या सोलोनंतर मुलाच्या अंगावर बादलीभर पाणी ओततात, अशी बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे. ताईला, म्हणजे भाच्याच्या आईला, तो फोटो आला तेव्हा तिला वाटलं, मुलगा नदीत पडला.

तासांची मोजणीही मजेशीर आहे. चाकं जमीन सोडतात तेव्हा तास सुरू होत नाही. उड्डाणासाठी विमान जागचं हललं की सुरू, आणि उतरून पुन्हा जागेवर थांबलं की बंद. म्हणजे धावपट्टीच्या तोंडाशी दुसरं विमान उतरायची वाट बघत उभं राहिलं, तरी तो वेळ उड्डाणात धरतात. हे ऐकून टपरीवरचा एक ट्रॅक्टरवाला गप्प झाला. गळीत हंगामात कारखान्याच्या यार्डात तो रात्र-रात्र नंबर लागायची वाट बघतो. हाच नियम त्याला लावला असता तर एव्हाना त्याला मोठं विमान द्यावं लागलं असतं.

घड्याळाचं आणखी वेगळं. जगभरचा हवाई कारभार यूटीसी नावाच्या एकाच वेळेवर चालतो, आणि ती आपल्या साडेपाच तास मागे. भाचा सकाळी सहाला उडायचा तेव्हा कागदावर रात्रीचे साडेबारा. ताईने एकदा असा कागद पाहिला आणि त्याला फोनवर झापलं, "एवढ्या रात्री कामून उडतोस रे? झोपत जा की." त्याने समजावलं. तिला पटलंही. पण तेव्हापासून ती दोन्ही वेळांना काळजी करते.

या वहीवर सगळा भरवसा शेवटी माणसाच्या सहीचा. प्रमुख इंस्ट्रक्टरची सही हवी, हल्ली ऑनलाइन नोंदीही कराव्या लागतात. पण शाई ही जगात सगळीकडे सारखीच वाहते. इंग्रज-अमेरिकन वैमानिकांत न उडता लिहिलेल्या तासांना पार्कर पेनाचे तास म्हणायची जुनी थट्टा आहे, आणि आपल्याकडे २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि न उडलेले तास यांवरून मोठं प्रकरण गाजलं, वैमानिकांना अटकाही झाल्या. दाजींना यात काही नवल वाटलं नाही. काट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला आकड्यांचं मन कळतं. ते एवढंच म्हणाले, "वजन चुकलं तर शेतकरी भांडायला येतो. इथे कोण येतं?" त्यावर कुणी काही बोललं नाही.

आमच्या जवळून धुळे–सोलापूर महामार्ग जातो. त्याने उत्तरेला सुटलं, कन्नडचा घाट उतरलं, चाळीसगाव ओलांडलं की धुळं. तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लबची मुलं उडायला शिकतात. हा क्लब १९२८ साली जुहूला निघाला. त्याच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक जे. आर. डी. टाटा, आणि १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना मिळालेला परवाना भारतात दिलेला पहिला. क्रमांक १. आता राज्यात बारामती आहे, गोंदियाजवळ बिरसी आहे, शिरपूर आहे, अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने शाळा काढायचं ठरवलंय. ऊस, धान, कापूस आणि संत्री पिकवणाऱ्या मुलखाला आता पायलटही पिकवायचे आहेत. आमच्या भाच्याने यातली कोणती शाळा निवडली ते सांगत नाही, कारण तिथल्या मेसबद्दल तो जे बोलतो ते छापण्यासारखं नाही.

जेआरडींचं विमान एका इंजिनाचं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते पस मॉथमधून टपाल घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला उतरले आणि मग जुहूला आले. अहमदाबादला त्यांच्यासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. हा तपशील मी आबांना, म्हणजे दाजींच्या वडिलांना, सांगितला तेव्हा त्यांनी विमानात पहिल्यांदा रस घेतला. आबांनी तरुणपणी कारखान्याला ऊस वाहिलेला. "मंग बैलांचे तास कुठं लिहिले?" त्यांनी विचारलं.

दोनशेपैकी १८५ तास एका इंजिनावर आणि १५ दोन इंजिनांवर, असा बऱ्याच शाळांचा हिशेब असतो. या शेवटच्या पंधरा तासांना मुलं मल्टी म्हणतात. विमान बहुधा पायपर सेनेका, डायमंड डीए-४२ किंवा टेकनाम. ताशी खर्च साध्या विमानाच्या कितीतरी वर. नियमाने पाहिलं तर परवाना एका इंजिनावरही मिळतो. पण मोठ्या विमान कंपन्यांकडे एका इंजिनाची विमानं नसतात, त्यामुळे मल्टीशिवायचा परवाना म्हणजे आमंत्रण नसलेली लग्नपत्रिका. सगळं घर या पंधरा तासांवर डोळे लावून बसलं होतं. आता दोन इंजिनं, म्हणजे मुलगा दुप्पट सुरक्षित. ताईने तर उपासही सोडायचा ठरवला होता.

आणि मग भाच्याने फोनवर सांगितलं की आज इंस्ट्रक्टरने एक इंजिन बंद केलं.

"कुठं?" ताईने विचारलं.

"हवेत."

"मुद्दाम?"

"हो. रोजच करतात. तेच तर शिकायचं असतं."

हे समजून घ्यायला आमच्या घराला आठवडा लागला. दोन इंजिनांचं विमान दोन इंजिनांवर उडवणं यात शिकण्यासारखं फार थोडं आहे. ते तसं उडतंच. पंधरा तासांतला मोठा भाग जातो तो एक इंजिन गेल्यावर काय करायचं यात. इंस्ट्रक्टर इंजिनांच्या दांड्यांवर चेकलिस्टचा पुठ्ठा आडवा धरतो आणि त्याच्या आड गुपचूप एक दांडी मागे ओढतो. कोणतं गेलं ते मुलाने ओळखायचं. दोन इंजिनांचे पैसे भरायचे आणि एकावर भागवायला शिकायचं. दाजी म्हणाले, "मग फी तरी निम्मी करा म्हणावं."

गेलेलं इंजिन ओळखायचं कसं, याचा नियम भाच्याने सुट्टीत आल्यावर ओट्यावर बसून सांगितला. इंजिनं पंखांवर असतात, मधोमध नाही. डावं बंद पडलं की उजवं एकटंच ढकलतं, आणि विमानाचं तोंड डावीकडे, म्हणजे मेलेल्या इंजिनाकडे वळतं. ते सरळ ठेवायला उजव्या पायाने रडरचं पेडल दाबून धरावं लागतं. मग डाव्या पायाला काही काम उरत नाही. जो पाय निकामी, त्या बाजूचं इंजिन निकामी.

आबा खाटेवर पडून ऐकत होते. ते उठून बसले. "अरे, जोडीतला एक बैल बसल्यासारखंच की," ते म्हणाले. "डावा बसला की गाडी डाव्या अंगाला वळती. उजवा वढीतच राहतो, त्याला काय कळतंय. मंग गाडीवानानं काय करायचं?"

"बसलेल्याला उठवायचं?" मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललो नाही. "आधी चालत्याचा कासरा वढायचा," ते म्हणाले. "नायतर तोच गाडी खड्ड्यात घालतो."

भाचा दोन मिनिटं गप्प राहिला. आबांनी सांगितलं ते त्याच्या पुस्तकातलं सर्वांत अवघड पान होतं. दोन इंजिनांच्या विमानाच्या वेगदर्शकावर एक लाल रेघ असते. एक इंजिन गेलेलं, दुसरं पूर्ण जोरात, आणि वेग त्या रेघेखाली उतरला, तर रडरचा जोर कमी पडतो. पेडल तळापर्यंत दाबलं तरी विमान मेलेल्या बाजूला वळत जातं, मग कलंडतं, मग उलटं होतं. अशा वेळी उपाय एकच : विमानाचं नाक खाली करायचं आणि चांगल्या इंजिनाचा जोर कमी करायचा. चालतंय ते मागे ओढायचं. घाबरलेल्या माणसाचा हात नेमका उलट जातो. जे उरलंय त्याच्यावरच सगळा भार टाकावा असं त्याला वाटतं.

त्या लाल रेघेच्या वर एक निळी रेघ असते. एका इंजिनावर विमान सगळ्यांत बरं चढतं तो हा वेग. 'बरं' हा शब्द इथे उदारपणे घ्यायचा. दोनपैकी एक इंजिन गेलं तर जोर निम्मा होतो हे कुणालाही कळतं, पण चढण्याची ताकद निम्म्यावर थांबत नाही. ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त जाते, कारण बरीचशी ताकद नुसतं वर तरंगत राहायलाच लागते आणि चढायला उरते ती वरची शिल्लक. दाजींना हे इतरांपेक्षा लवकर समजलं. पगारात घर चालतं, मुलगा वरच्या शिलकीतून पायलट होतो, आणि पगार निम्मा झाला तर शिलकीचं काय होईल हे त्यांना आकडेमोड न करता कळत होतं. बंद इंजिनाचा पंखाही तसाच फिरता ठेवत नाहीत. त्याची पाती वाऱ्याला कडेने वळवून स्थिर करतात, नाहीतर तोच वाऱ्याला अडवत बसतो. चालत्या इंजिनाच्या बाजूला विमान किंचित कलतं ठेवायचं, पाच अंशांपर्यंत. सरळ रेषेत जायला थोडं वाकडं बसावं लागतं.

"बसलेल्या बैलाचं जू काढत्यात तसं," पात्यांबद्दल ऐकून आबा म्हणाले, आणि परत आडवे झाले. त्यांच्या दृष्टीने मल्टीचा अभ्यासक्रम संपला होता.

खरी गंमत पुढे होती. दोन्ही इंजिनांचे पंखे एकाच दिशेने फिरत असतील तर दोन बाजू सारख्या राहत नाहीत. बसल्या जागेवरून पाहता ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असले, तर डावं इंजिन जाणं हे उजवं जाण्यापेक्षा वाईट, कारण उजव्याचा ओढा मधल्या रेषेपासून जास्त लांबून लागतो. त्या डाव्याला क्रिटिकल इंजिन म्हणतात. सेनेकात कारखानदाराने दोन पंखे एकमेकांविरुद्ध फिरवून हा भेद मिटवला. आबांना हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, "जोडीत एक बैल नेहमीच जास्त वढतो. मालकाला ते ठाऊक असतं. बैलालाबी." त्यांना सेनेकाची सुधारणा फारशी आवडली नाही.

"पण मामा," भाचा म्हणाला, "लोकांना वाटतं दोन इंजिनं म्हणजे एक जादा आहे. तसं नसतं. दुसरं जादा नाही, दोन्ही लागतात. एक गेलं तर काय याची तयारी असते, एवढंच."

"आणि दोन्ही गेली तर?" दाजींनी विचारलं. घरात हा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं.

त्याने हडसन नदीची हकीकत सांगितली. १५ जानेवारी २००९, न्यूयॉर्क, उडाल्यावर काही मिनिटांतच पक्ष्यांचा थवा एअरबस ए३२० च्या दोन्ही इंजिनांत शिरला, आणि वैमानिकांनी विमान नदीवर उतरवलं. १५५ जणं होती, सगळी वाचली. ताईने हात जोडले. मग म्हणाली, "इकडं गोदावरीला एवढं पाणी कुठं असतं?" जायकवाडी भरलं तर असतं, असं मी म्हणालो, पण ते आश्वासन म्हणून कमी पडलं.

मराठी माणसाने ही दोन इंजिनं फार आधीपासून हाताळली आहेत. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी इंडियन एअरलाइन्सचं दोन इंजिनांचं फॉकर फ्रेंडशिप कोलकात्याहून सिल्चरला नेलं, सहवैमानिक निवेदिता भसीन. सगळ्या स्त्री कर्मचाऱ्यांचं ते भारतातलं पहिलं प्रवासी उड्डाण. मी हे ताईला सांगितलं तेव्हा तिने त्यांची आई काय म्हणाली ते विचारलं. ते मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. आणि कॅप्टन अमोल यादव तर दिवसा प्रवासी विमानं उडवत आणि कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर स्वतःचं सहा आसनी विमान बांधत. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०२० मध्ये ते धुळ्याला उडालं. ते एकाच इंजिनाचं. गच्चीवर दुसऱ्याला जागा नसावी, असा दाजींचा अंदाज.

भाच्याचं मल्टी झालं. शेवटच्या चाचणीतही परीक्षकाने पुठ्ठा आडवा धरला आणि एक दांडी ओढली. याने पाय ओळखला, इंजिन ओळखलं, खात्री केली आणि निळ्या रेघेवर विमान धरून एकाच इंजिनावर उतरवलं. दोन इंजिनांच्या रकान्याखाली बेरीज पडली. टपरीवर मी पेढे वाटले. पेढा तोंडात टाकून ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मंग आता विमान कधी चालवणार?"

इथे पंचाईत आहे. परवाना हाती आला म्हणजे कंपनीचं विमान मिळालं असं होत नाही. आधी टाईप रेटिंग लागतं, म्हणजे ज्या जातीचं विमान चालवायचं तिचं वेगळं शिक्षण, त्याचे वेगळे लाख. पुढे कॅप्टनच्या मोठ्या परवान्याला १५०० तास. दाजींनी हे सगळं एका कागदावर मांडलं, खाली रेघ मारली आणि बेरीज न करता कागद खिशात ठेवला.

ताई मात्र टाईप रेटिंगविषयी बरंच विचारत होती. भाच्याने सांगितलं की ते बहुतेक सगळं सिम्युलेटरमध्ये होतं. मोठी खोली असते, पायांवर उभी, आत हुबेहूब कॉकपिट, बाहेर चित्रातलं आकाश.

"म्हणजे जमिनीवर?"

"जमिनीवर."

"तिथंबी एक इंजिन बंद करतेत?"

"पहिल्या आठवड्यापासून. आणि तेही नेमकं उडताना, आता थांबता येत नाही अशा क्षणी."

"करू दे," ताई म्हणाली. "जमिनीवर किती पण करू दे. त्याचे तास लिहितात का वहीत?"

"लिहितात. पण वेगळ्या रकान्यात. उड्डाणाच्या तासांत धरत नाहीत."

"कामून धरत नाहीत?" ताई म्हणाली. "मी तर तेच धरीन."